शंभर कुणाला मारले?

पुण्याहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी सोप्यात बसून शेंगा फोडत होतो आणि आई उंबऱ्याजवळ उकिडवी बसून तांदूळ निवडत होती. फोन स्पीकरवर होता. आमच्या घरात फोन स्पीकरवरच असतो. एकट्यानं ऐकला तर बाकीचे चौघं ‘काय म्हणाला?’ म्हणून चार वेळा विचारतात. पुतण्या धापा टाकत म्हणाला, “काका, आज शंभर स्क्वॉट मारले!”

आईचा सुपातला हात थांबला. “कुणाला मारलं रं?”

“कुणाला नाही आजी. स्क्वॉट. व्यायाम असतो. असं खाली बसायचं.”

“बसून काय करायचं?”

“काही नाही. उठायचं.”

आई विचारात पडली. ब्याऐंशी वर्षांत ती चुलीपुढं, जात्यापुढं, म्हशीखाली आणि उसाच्या सरीत मिळून लाखो वेळा खाली बसली असेल. पण बसले आणि काहीच न करता उठले, असं तिच्या हातून एकदाही घडलेलं नाही.

“आन् ह्येचं पैसं कोण देतंय तुला?”

“मीच देतो आजी. महिन्याला दोन हजार.”

“मग हितंच ये की,” आई खडा बाजूला टाकत म्हणाली. “आमच्या रानात बस. वर रोजगार दिऊ, दुपारचा च्या दिऊ.”

मी पेशानं मास्तर. निवृत्त झालो तरी नवा शब्द कानावर आला की त्याचा सातबारा काढून बघायची खोड गेलेली नाही. रात्री कोश उघडला. स्क्वॉट हा इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आलेला गडी. तिकडं त्याचा अर्थ चेपणं, दाबून सपाट करणं. आता गंमत बघा, आमच्या तालमीत जोर-बैठकांच्या शेजारीच ‘सपाट्या’ नावाचा व्यायाम आहे. दोघांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग. पण मास्तर माणसाला असला योगायोग सापडला की दोन दिवस जेवण गोड लागतं.

या गड्याला इंग्रजांनी किती राबवलंय ते वाचून मला त्याची दया आली. माणूस चवड्यांवर खाली बसला तर स्क्वॉट. शिकाऱ्याची चाहूल लागून ससा जमिनीला चिकटला तर स्क्वॉट. बुटका आणि रुंद माणूस दिसला तर तोही स्क्वॉट, त्याची किटली तशीच असली तर तीही. कुणाच्या रिकाम्या घरात घुसून बिऱ्हाड थाटलं तर ते थाटणं स्क्वॉट आणि ते घरही स्क्वॉट. आपल्याकडं ज्याला ‘इंडियन’ म्हणतात तो संडास स्क्वॉट. आणि अमेरिकेत तर ‘काहीच नाही’ यालाही स्क्वॉट म्हणतात. सालगड्यालासुद्धा आम्ही एवढी कामं सांगत नाही. सांगितली तर तो पाडव्याला दुसरं घर बघतो.

आमच्या भाषेत उलटा कारभार. बसायच्या एकेका तऱ्हेला एकेक स्वतंत्र शब्द नोकरीला ठेवलाय. तळपाय टेकवून, गुडघे छातीशी घेऊन बसला तो उकिडवा. दमून पाय पसरून बसली तिनं फतकल मारली. बैलानं भर रस्त्यात बसकण मारली. पाहुण्यानं ठाण मांडलं. मोर्चानं ठिय्या दिला. मांजरानं दबा धरला. पोरानं उठाबशा काढल्या आणि पैलवानानं बैठका मारल्या.

या शेवटच्या दोन्हींत शरीराच्या अंगानं तीळभर फरक नाही. गुडघे तेच, मांड्या त्याच, घामही तोच. कान धरले की शिक्षा, सोडले की व्यायाम. आणि कानात हेडफोन घातला की स्क्वॉट.

मी दोन्ही प्रकार एकाच दिवशी केलेले आहेत. चौथीत असताना एकोणिसाचा पाढा अडला म्हणून गुरुजींनी पन्नास उठाबशा काढायला लावल्या. त्याच संध्याकाळी तालमीत वस्तादांनी शंभर बैठका सांगितल्या. मी हात जोडून म्हणालो, “वस्ताद, सकाळी पन्नास झाल्यात, राहिलेल्या पन्नास मारतो.” वस्ताद म्हणाले, “त्या शाळंतल्या. त्या हितल्या हिशेबात धरायच्या न्हाईत.” वडिलांकडं तक्रार नेली, तर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “पाढा आला का?”

पुढं मीच मास्तर झालो आणि उठाबशांचं हे खातं माझ्याकडं आलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी झाली आणि ते बंद झालं, ते योग्यच झालं. माझ्या ज्या विद्यार्थ्यानं वर्गात सर्वांत जास्त उठाबशा काढल्या, तो आता जिम चालवतो. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, “सर, पाया तुम्हीच घातला.” तो हे मनापासून म्हणतो की मांड्या आठवून, ते मला अजून कळलेलं नाही.

कान धरून उठाबशा काढण्याला तमिळनाडूत मात्र मोठा मान आहे. तिकडं गणपतीपुढं हात आडवे घेऊन, उजव्या हातानं डावा आणि डाव्या हातानं उजवा कान धरून बसतात-उठतात. तोप्पुकरणम म्हणतात त्याला. हाच प्रकार फिलिपिन्समधल्या चोआ कोक सुई नावाच्या गृहस्थांनी ‘सुपर ब्रेन योगा’ या नावानं जगभर नेला. म्हणजे आमचे गुरुजी पाढ्यासाठी उठाबशा काढायला लावत होते ते बरोबरच होतं म्हणायचं. चुकलं एवढंच, की त्यांनी नाव मराठीत ठेवलं. एकोणीस सत्ते म्हटलं की मला अजून बोटं लागतात, हा भाग वेगळा.

व्यायामाची सक्ती आमच्या कुंडलला नवी नाही. आमचं गाव औंध संस्थानातलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे एवढे भक्त, की त्यांनी संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले आणि १९३८ साली त्यांवर ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ नावाचं इंग्रजी पुस्तकही काढलं. इतर संस्थानांत रयतेला राजापुढं वाकावं लागायचं. आमच्याकडं राजाच सूर्यापुढं वाकायचा आणि रयतेला म्हणायचा, चला, आता तुम्हीही वाका.

राजानं वाकायला लावलं आणि तांबड्या मातीनं बसायला. कुंडलचं कुस्ती मैदान महाराष्ट्राला ठाऊक आहे. हा सगळा पट्टाच तसला. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. त्यामुळं इथं पोर पायावर उभं राहिलं की आजोबा त्याला आधी खाली बसायला शिकवतात. बैठकांचा आकडा हा आमच्याकडं पगारासारखा विषय: स्वतःचा थोडा वाढवून सांगायचा आणि दुसऱ्याचा थोडा कमी धरायचा.

पण तालमीतल्या बैठका कितीही झाल्या तरी त्या मोजलेल्या असतात. न मोजलेल्या बघायच्या असतील तर उसाच्या रानात भांगलणीला या. बायका ओळीनं आपापली पात धरून बसतात. उजव्या हातात खुरपं, डावा हात मोकळा. बूड जमिनीला लागत नाही आणि माणूस उभाही राहत नाही. त्या दोन्हींच्या मधल्या उंचीवर एक पाय पुढं, मग दुसरा, अशी सगळी पात पुढं सरकते. साधं गवत ओढून निघतं, लव्हाळ्याची गाठ मात्र खुरप्याचं टोक घालून उकरावी लागते, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा हजर. डाव्या हातातलं तण मूठभर झालं की मागं टाकायचं. हे सगळं चालू असताना कुणाच्या सुनेचं काय झालं, याचं बारीकसारीक वर्णन एकीकडून दुसरीकडं पोचत असतं, आणि त्यात खंड पडत नाही. जिममध्ये स्क्वॉट मारणाऱ्याला श्वास कधी घ्यायचा ते शिकवावं लागतं. आमच्या बायका श्वास कधी घेतात, हेच कळत नाही.

हे मी पुतण्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “काका, ह्याला डक वॉक म्हणतात. आमचा कोच तीस सेकंद करायला लावतो.”

“आन् मग?” आईनं विचारलं.

“मग मिनिटभर आराम.”

आईनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू नातवाला शहरात उपाशी ठेवलंय.

शहरात राहून असल्या बसण्याचं कौतुक करणं सोपं आहे, पण दिवसभर पात ओढून आलेली आई रात्री गुडघ्यांना तेल चोळत बसायची तेही मी पाहिलंय. तेव्हा भांगलणीला व्यायाम म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

उकिडव्याची वंशावळ मात्र भलतीच थोर निघाली. शब्द संस्कृतातल्या उत्कुटुकापासून प्राकृतातल्या उक्कुडुयापर्यंत आणि तिथून आपल्या उंबऱ्यापर्यंत आला. जैनांच्या आचारांग सूत्रात सांगितलंय, की महावीरांना केवलज्ञान झालं तेव्हा ते याच उक्कुडुय बैठकीत, गोदोहिका आसनात होते. गोदोहिका म्हणजे गाईची धार काढायला बसल्यासारखं. आमच्या कुंडलच्या डोंगरात झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ आहेत, लांबून यात्रेकरू येतात. पण धार काढायच्या बैठकीत ज्ञान होतं, हे गावातल्या कुठल्याही गोठ्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आईला ते सांगितलं. ती म्हणाली, “म्हशीची लाथ बसली की मलाबी हुतंय.”

साहेबांनी तर आमची हाडं तपासली. हॅव्हलॉक चार्ल्स नावाच्या आयरिश डॉक्टरनं १८९३ साली पंजाबी माणसांच्या पायाच्या हाडांवर निबंध लिहिला. उकिडवं बसून बसून घोट्याच्या सांध्यातल्या हाडांवर लहान गुळगुळीत खुणा उमटतात, असं त्यात दाखवलं. म्हणजे माणूस गेल्यावर शेकडो वर्षांनी नुसती नडगी मिळाली तरी शास्त्रज्ञ सांगू शकतो, की हा गडी उकिडवा बसणारा होता. बाकी काय केलं आयुष्यात, ते सांगता येत नाही. बसला होता एवढं नक्की. आमच्या पारावरच्या काही मंडळींचं चरित्र याहून वेगळं निघायचं नाही.

फ्रान्सचे मार्सेल मॉस यांचं वाचून तर मला आपलंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. पहिल्या महायुद्धात आघाडीवर त्यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियन शिपाई होते. चिखलात थांबायची वेळ आली की ते टाचांवर आरामात बसायचे, आणि मॉससाहेब मात्र उभे. १९३४ सालच्या व्याख्यानात त्यांनी ही खंत बोलून दाखवली: लहान मुलाला उकिडवं बसता येतं, मोठे झाल्यावर आम्हाला येत नाही, आणि पोराचं ते कसब मोडून काढणं ही चूक आहे. एवढा मोठा समाजशास्त्रज्ञ, पण दुःख आमच्या आत्याचंच. तिनंही घरात कमोड बसवल्यापासून असंच काहीसं म्हणायला सुरुवात केली आहे. आमच्याकडं आता घर बांधताना पहिला प्रश्न ‘इंडियन की वेस्टर्न?’ हाच असतो. पुतण्याच्या फ्लॅटमध्ये दोन्ही वेस्टर्न. फुकटचं बसणं काढून टाकलं आणि महिना दोन हजारांचं लावून घेतलं.

आता दुसऱ्याच्या जागेत बसणारे. इंग्रजीत त्यांना स्क्वॉटर म्हणतात. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात सरकारी माळावर मेंढरं घेऊन जे असे बसले, ते एवढे गबर झाले की तिकडचे सरदार-जहागीरदार तेच ठरले. म्हणजे थोडं बसलं तर अतिक्रमण आणि भरपूर बसलं तर घराणं. इंटरनेटवर दुसऱ्याच्या नावाचा पत्ता आधीच घेऊन ठेवणाऱ्यालाही हाच शब्द आहे, असं पुतण्यानं मोठ्या नवलानं सांगितलं. मला नवल वाटलं नाही. एसटी थांबायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारी माणसं आमच्याकडं संगणकाच्या आधीपासून आहेत.

बाकी लक्ष्मणराव किर्लोस्कर विचारून बसले, हे त्यांचं मोठेपण. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली त्यांनी कारखाना मांडला. तेव्हा तिथल्या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. पुढं स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. आमचं नाव फलाटावरून उठलं, त्यांचं बसलं. आम्ही तरी काय बोलणार? माळावर आम्ही शेकडो वर्षं नुसते बसलो होतो, ते येऊन नांगर करायला लागले.

गाव म्हणून बघितलं तर कुंडल एकाच जागी उकिडवं बसून आहे आणि सरकारंच त्याच्या भोवती उठाबशा काढतायत. औंध संस्थान १९४८ साली विलीन झालं. १९४९ला आम्ही दक्षिण साताऱ्यात आलो, १९६०ला त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं, नंतर पलूस तालुका निघाला. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी एवढे पत्ते बदलले, पण घरातली खाट हलवली नाही. त्याही आधी, १९४३पासून, आमचं स्वतःचंच सरकार होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, आणि कुंडल त्याचं मोठं केंद्र. जी. डी. बापू लाड इथलेच. कॅप्टन भाऊंच्या तुफान सेनेनं, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलानं, ७ जून १९४३ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा घेऊन निघालेली गाडी अडवली आणि लुटली. साहेबाच्या कोशात ससा भिऊन जमिनीला चिकटतो त्याला स्क्वॉट म्हणतात. रुळाच्या कडेला गाडीची वाट बघत दबा धरून बसलेल्या माणसांना तो शब्द लावायला माझी जीभ रेटत नाही. तिथं मराठीच पाहिजे.

राहिला ‘काहीच नाही’ हा अर्थ. अमेरिकेत ‘त्याला स्क्वॉट कळतं’ म्हटलं काय आणि ‘त्याला स्क्वॉट कळत नाही’ म्हटलं काय, अर्थ एकच: काही कळत नाही. पुतण्याला हे फार विचित्र वाटत होतं. मी म्हटलं, अरे, आपल्याकडं ‘त्याला ढेकळं कळतंय’ आणि ‘त्याला ढेकळं कळत नाही’ यांत काय फरक आहे? तो गप्प झाला. आई मात्र या अर्थावर खूश झाली. इतक्या दिवसांत या शब्दाची एवढी एकच गोष्ट तिला पटली. “खाली बसायचं, उठायचं आन् हाताला काय न्हाई. मग बरोबर हाय की नाव.” तिनं शब्द स्वतःच्या जिभेला बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा उघडून सुनेला म्हणाली, “इस्क्वाट हाय गं ह्यात. दुकानात पोराला धाड.”

यंदा मैदानाला पुतण्या गावी आला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्याला गोठ्यात घेऊन गेलो आणि गोदोहिका समजावू लागलो. आचारांग झालं, हॅव्हलॉक चार्ल्स झाले, मॉस झाले. बोलता बोलता चेव चढला. आईच्या हातातली चरवी घेतली आणि म्हटलं, “सरक जरा, मीच दाखवतो.” मी म्हशीखाली बसलो त्याला बारा-तेरा वर्षं तरी झाली असतील. पण बैठक अशी जमली, की पुतण्यानं फोटो काढला. चरवी दोन्ही गुडघ्यांत धरली, सडाला पाणी लावलं, आणि ओढायला सुरुवात केली.

म्हशीनं मान वळवून एकदा माझ्याकडं पाहिलं. परका हात तिनं ओळखला आणि पान्हा चोरला. मी चुचकारलं, पाठ थोपटली, आई घालते तशी हाक घातली. दहा मिनिटं झाली. मग उठावं म्हटलं तर गुडघे उठेनात. उजवा तर जागेवरच अडून बसला. पुढं म्हैस, मागं शेणाची पाटी. मी शक्य तितक्या शांत आवाजात पुतण्याला हाक मारली. तो मागून आला, माझ्या काखेत हात घातले, स्वतः खाली बसला, श्वास घेतला आणि मला घेऊन सरळ उभा राहिला. एकशे एकावा स्क्वॉट असावा. म्हैस जरा बाजूला सरली.

आईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. वाकून चरवी उचलली, उजेडाकडं तिरकी करून आत डोकावली आणि घराकडं तोंड करून ओरडली, “सूनबाई, च्या कोराच ठेव गं. इस्क्वाट निघालंय.”